मुक्या जीवांसाठी मोकळी जागा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पाचगणी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात गावासाठी सार्वजनिक उद्यान करावे, असा विचार विश्वस्त मंडळात चालू आहे. त्याविषयी बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा मी झाडे, बाके आणि पायवाटा यांवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. माझी मागणी मात्र एकच आहे. त्या उद्यानात कुत्र्यांना साखळीविना धावता येईल असा एक कुंपण घातलेला तुकडा राखावा. काहींना ही चैन वाटेल, काहींना हसू येईल. हरकत नाही.

या मागणीमागे माझा एक अपराध आहे. काही वर्षांपूर्वी वळवाचे दोन पाऊस झाल्यावर मी पहाटे कुत्र्याला घेऊन टेबललँडवर गेलो. माणसांची वर्दळ नाही असे पाहून त्याची साखळी सोडली. क्षणात तो दूर गेला आणि एक टिटवी आक्रोश करीत त्याच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरील खळग्यात, खड्यांच्याच रंगाची अंडी घालते. मी पोहोचेपर्यंत चारांपैकी तीन फुटली होती. कुत्र्याने खाल्ले काहीच नव्हते, तो केवळ आनंदाने धावला होता. घरी पाणी गाळून पिणारा मी, आणि हिंसा माझ्या हातातून सुटलेल्या साखळीने झाली!

टेबललँड आपल्याला उघडे मैदान वाटते. वस्तुतः तो जांभ्या दगडाचा सडा आहे. मातीचा थर जेमतेम, उन्हाळ्यात सारे करपलेले. पण पावसाळ्यात अशा सड्यांवर गेंद, सीतेची आसवे यांसारख्या इवल्या वनस्पती उगवतात, कीटक वाढतात, डबक्यांत बेडूक येतात. आपल्याच जिल्ह्यातील कासच्या पठारामुळे हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, कारण त्या काळात भूमीवर पाऊल टाकणेही जीवांना घातक ठरते. नेमक्या त्याच महिन्यांत आपण सड्यावर कुत्री मोकळी सोडतो.

मग कुत्र्याला जन्मभर बांधून ठेवावे काय? तेही मनाला पटत नाही. धावणे ही त्याच्या देहाची गरज आहे. बांधून ठेवलेला कुत्रा चिडका होतो, रात्रंदिवस भुंकतो आणि अखेरीस चावतो.

श्वानांच्या बाबतीत आपल्या समाजाचा वारसाही मोठा आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी बांधवांनी उठाव केला. जैन आणि हिंदू व्यापारीही त्यांना मिळाले, बाजार बंद राहिले. पुढे १८३४ मध्ये सर जमशेदजी जिजीभाई आणि आपले मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. पाचगणीत पारशी पॉइंटवर उभा राहिलो की मला ही जोडी आठवते. त्यांनी जीवदयेबरोबर जागाही दिली, हे विशेष.

श्वानोद्यान ही कल्पना जगाला आता नवी नाही. अमेरिकेत बर्कली येथे १९७९ मध्ये असे उद्यान सुरू झाले. हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर येथे सुमारे सव्वा एकरात ते केले. आपल्याला एवढी जागा मिळणार नाही, आणि लागणारही नाही. मात्र प्रवेशाला दोन फाटके हवीत. एक लागल्याखेरीज दुसरे उघडू नये, म्हणजे कुत्रा निसटत नाही. लहान चणीच्या कुत्र्यांना वेगळा भाग हवा. सावली, पाणी आणि विष्ठा उचलण्याची सोय हवी, आणि ती मालकानेच उचलावी. रेबीजच्या लसीचा दाखला पाहूनच प्रवेश द्यावा. आपल्या पावसात गवत चार दिवसांत चिखल होईल, म्हणून तुकड्याचे दोन भाग करून एकाला आळीपाळीने विसावा द्यावा. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेव्हा काँक्रीट नको, तारेचे कुंपण आणि आतून मेंदी पुरे.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न याने सुटणार नाही, हे स्पष्ट सांगतो. त्यासाठी निर्बीजीकरण आणि लसीकरणच हवे. २०२३ च्या नियमांनुसार खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी. आपल्यापैकी जे दारात पोळी घालतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आणि तेथे परत न सोडण्याचा आदेश दिला. पाचगणी हे निवासी शाळांचे गाव. निवारा कोठे, कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न आपल्या दाराशी आलाच आहे, आणि पांजरापोळीचा वारसा सांगणाऱ्यांना तो टाळता येणार नाही. त्यावर वेगळी बैठक घ्यावी, अशी विनंती करतो.

उद्यानाच्या जागेची पाहणी मात्र उन्हाळ्यात करू नये. भर आषाढात छत्र्या घेऊन जाऊ. पाणी कोठे तुंबते आणि कोणत्या कोपऱ्यात टिटवी बसते, हे तेव्हाच दिसेल. मी बरोबर येईन. कुत्रा घरी ठेवून.