आधी वाफा, मग जग

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात मंडळ्यांमधील मदतनीस बंधुभगिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला दिलेला विषय असा आहे: मॉन्टेसरी शाळांतील किशोरवयीन मुले जगाच्या पर्यावरणाच्या प्रश्नांवर एकत्र काम कशी करतात, आणि त्यातून आपण काय घ्यावे. मॉन्टेसरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती शहरातली, रंगीत ठोकळ्यांची, भरपूर फी घेणारी बालवाडी. पाड्यांवर काम करणाऱ्या आपल्या संस्थेला तिच्याशी काय करायचे आहे, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते साहजिक आहे. म्हणून आधी ही शाळा मुळात कोणासाठी निघाली ते सांगतो.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की दिवसभर चाळीच्या जिन्यांवर उंडारणारी, भिंती खराब करणारी मुले, ती त्यांची पहिली विद्यार्थी. त्या मुलांना त्यांनी हातांनी करण्याजोगे खरे काम दिले. टेबल पुसणे, पाणी ओतणे, गुंड्या लावणे, झाडांना पाणी घालणे. मुले शांत झाली, कामात रमली आणि लिहू-वाचू लागली. ही पद्धत पुढे श्रीमंतांच्या घरी गेली हे खरे, पण तिचा जन्म कष्टकऱ्यांच्या वस्तीतला आहे.

आपल्या महाराष्ट्राशीही तिचे नाते आहे. १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मॉन्टेसरीबाई मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये इटली महायुद्धात उतरला आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांचे चिरंजीव मारिओ यांना सरकारने नजरकैदेत ठेवले ते आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्यांची सुटका झाली. पुढे मायलेक कोडाईकनालच्या डोंगरात राहिले, आणि तिथे मोठ्या मुलांसाठी त्यांनी ज्याला ‘वैश्विक शिक्षण’ म्हणतात त्याची मांडणी केली.

त्या शिक्षणाचा गाभा साधा आहे. सृष्टीतला प्रत्येक जीव स्वतःचे पोट भरता भरता सगळ्यांचे एखादे काम करून जातो. बाई समुद्रातल्या प्रवाळांचे उदाहरण देत. नद्या डोंगरातला चुना समुद्रात आणून टाकतात. तो तसाच साठत गेला तर पाणी जगण्याजोगे राहणार नाही. इवलासा प्रवाळ तो चुना उचलतो, त्याचे घर बांधतो, आणि न कळत समुद्राची स्वच्छता राखतो. मग बाई मुलांना विचारायला लावत: या सगळ्या कारभारात माणसाचे काम कोणते? आज समुद्राचे पाणी तापल्यामुळे तेच प्रवाळ जगभर पांढरे पडत आहेत, मरत आहेत. प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वीचा आहे, पण आज तो अधिक टोचतो.

आता किशोरवयाकडे येऊ. मॉन्टेसरीबाईंनी वाढीचे सहा-सहा वर्षांचे टप्पे मानले. बारा ते अठरा हा तिसरा टप्पा. या वयात अंग भराभर वाढते, मन हळवे होते, आणि पोर एकच गोष्ट शोधत असते: मोठ्यांच्या जगात माझी काही किंमत आहे का? नेमके याच वयात आपण त्याला बाकावर बसवतो आणि परीक्षेच्या घाण्याला जुंपतो. बाईंनी याच्या उलट सांगितले. या वयाच्या मुलांना काही वर्षे गावाकडे, शेतावर ठेवा. त्यांना एकत्र राहू द्या, पिकवू द्या, पिकवलेले स्वतःच्या दुकानातून विकू द्या, पाहुण्यांची उतरण्याची सोय चालवू द्या, आणि हिशोब त्यांनाच ठेवू द्या. या मुलांना त्यांनी जर्मन भाषेतले एक नाव दिले, ‘एर्डकिंडर’, म्हणजे भूमीची लेकरे. जो पिकवतो, विकतो आणि वाटून घेतो, त्याला समाज म्हणजे काय हे पुस्तकावाचून कळते, असा त्यांचा विश्वास होता.

त्यांच्या हयातीत ही शेतशाळा फारशी कोठे उभी राहिली नाही. अलीकडे ती अनेक देशांत दिसू लागली आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातील हंट्सबर्ग या खेड्यात २००० सालापासून अशी एक शाळा आहे. मुले शेतावर राहतात, जनावरे आणि भाजीपाला सांभाळतात, स्वयंपाकात हात लावतात. त्या थंड मुलखात मेपल नावाच्या झाडाचा गोड रस काढून आटवतात. साधारण चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक मिळतो. रस वाहतो तो रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब असे काही आठवडे असतात तेव्हाच. आता विचार करा. जी मुले दरवर्षी रस कधी सुरू झाला, किती मिळाला, कधी थांबला याची वही ठेवतील, त्यांना हवामानबदल शिकवावा लागेल का? थंडीचे दिवस मागेपुढे झाले की त्यांच्या गल्ल्यात कमी पैसे पडतील. तापमानवाढ हा परीक्षेतला धडा न राहता त्यांच्या हिशोबातली तूट होईल. मग ती आपणहून रसायन, गणित आणि भूगोल मागतील.

यानंतर जगाची पायरी येते. मॉन्टेसरी शाळांनी संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीवर मुलांच्या परिषदा सुरू केल्या आहेत. न्यू यॉर्कला निरनिराळ्या देशांतील मुले जमतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक देश येतो. महिनोन्महिने अभ्यास करून त्या देशाची बाजू लिहायची, समितीत बसून पाणी, हवामान, अन्न अशा प्रश्नांवर ठराव तयार करायचा, आणि तो मंजूर होईपर्यंत इतरांशी बोलत राहायचे, असे त्याचे स्वरूप असते. समारोपाची बैठक खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या सभागृहातही भरली आहे.

यात मला सर्वांत मोलाची वाटते ती दुसऱ्याच्या बाजूने बोलण्याची सवय. समजा, एका अमेरिकन मुलीच्या वाट्याला मालदीव आला. अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण १४ टन कर्बवायू हवेत जातो, भारतात साधारण २ टन. मालदीवची बहुतेक जमीन समुद्रापासून मीटर-दीड मीटरच उंच आहे. त्या मुलीला उभे राहून सांगावे लागते की आमची बेटे बुडत आहेत आणि याला तुमचे जगणे कारण आहे. ती हे आपल्याच देशाला सांगते! २०२२ साली मोठ्या माणसांच्या परिषदेत, हवामानाच्या संकटाने पोळलेल्या गरीब देशांसाठी नुकसानभरपाईचा निधी असावा असे ठरले. त्या ठरावामागे कित्येक वर्षांची रस्सीखेच होती. तेराव्या वर्षी दुसऱ्याचे दुःख आपल्या तोंडाने मांडायला शिकलेले पोर मोठेपणी अशा टेबलाशी बसले, तर इतका उशीर लागणार नाही अशी आशा धरायला जागा आहे.

पण एक धोकाही सांगतो. शेताची पायरी वगळून थेट परिषदेत नेलेले मूल छान भाषण करते आणि घरी येऊन नळ उघडा ठेवते. आपल्या शाळांतही पाच जूनला ‘पृथ्वी वाचवा’ची चित्रे रंगवतात आणि सहा जूनला तीच चित्रे कचऱ्यात दिसतात. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बागेत ठेवले ते मशागत आणि राखण अशा दोन्ही कामांसाठी. आपण मुलांना राखणीच्या घोषणा देतो, मशागत मात्र देत नाही. ज्याने कधी वाफा केला नाही, त्याला राखायचे काय हे कसे कळावे?

इथे पाड्यावरचा बाप आपल्याला अडवतो, आणि त्याचे ऐकले पाहिजे. तो म्हणतो, “पोराला मातीतच घालायचे होते तर घरीच ठेवला असता. शिकायला पाठवला तो या मजुरीतून सुटावा म्हणून.” ज्या समाजाने सावकाराच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली, त्याच्या तोंडी हे शोभते. श्रीमंताचे मूल शेतावर गेले की त्याला आपण शिक्षण म्हणतो. आदिवासी मूल शेतावर गेले की ती मजुरी असते. मग फरक कशात आहे?

माझ्या मते तो चार प्रश्नांत आहे. काय पेरायचे हे कोणी ठरवले? वही कोणाच्या हातात आहे? या कामातून मुलाला कोणते ज्ञान मिळाले? आणि आलेला पैसा कोठे गेला? ठरवणारी मुले, हिशोब मुलांचा, कामामागे शिक्षकाचा अभ्यास, आणि नफा मुलांच्या सामाईक पेटीत, असे असेल तर ते शिक्षण. नाहीतर वसतिगृहाचा खर्च वाचवण्यासाठी मुलांना राबवणे याला मजुरी हेच नाव आहे, मग त्याला आपण कितीही गोड नाव देवो. कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलाला कामावर लावता येत नाही, आणि चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना धोक्याच्या कामाला लावता येत नाही. हे आपल्या प्रत्येक अधीक्षकाने लक्षात ठेवावे.

हा मार्ग आपल्या मातीत कोणी चालून दाखवलाच नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. १९५७ पासून डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये त्या राहिल्या. मॉन्टेसरीची महागडी साधने त्यांनी बाजूला ठेवली. बिया, शिंपले, दगड, पाने घेऊन तेच शिक्षण दिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथे आहे आणि जे करते आहे, तिथून त्याचे शिक्षण सुरू होऊ शकते हे त्यांनी सिद्ध केले. त्यांचा मुख्य भर लहान मुलांवर होता. बारा ते अठराचे काम आपल्यासाठी शिल्लक आहे.

एक उदाहरण देतो. चैत्राच्या सुमारास आपल्या जंगलपट्ट्यात मोहाची फुले पडतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून बरेच लोक झाडाखालचा पाचोळा पेटवतात. कधी त्याचा वणवा होतो, आणि रोपे, पक्ष्यांची घरटी, जमिनीतला ओलावा सगळे जळते. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी बांधली तर आग लावावी लागत नाही आणि फूलही स्वच्छ मिळते. हे काम वसतिगृहातल्या नववीच्या मुलामुलींना देऊन पाहा. किती झाडे, जाळीला खर्च किती, स्वच्छ फुलाला भाव किती जास्त, जळालेल्या आणि न जळालेल्या जागेत पावसाळ्यानंतर रोपे किती. वह्या भरू द्या. मग गावाच्या बैठकीत आजोबांपुढे उभे राहून त्यांनाच सांगू द्या, आणि आजोबांचेही ऐकू द्या, कारण त्या झाडाविषयी आजोबांना जे ठाऊक आहे ते कोणत्याच पुस्तकात नाही. जंगल जळणे हा ॲमेझॉनचाही प्रश्न आहे आणि ऑस्ट्रेलियाचाही. आपले पोर त्या चर्चेत याचक म्हणून जाणार नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असेल.

बंधुभगिनींनो, आपण आजवर धान्य, वह्या, पांघरुणे मनापासून दिलीत, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदा तीन गोष्टी अधिक मागतो. पहिली, ज्या मंडळ्यांजवळ पडीक जागा आहे त्यांनी तिचा तुकडा किशोरवयीन मुलांना द्यावा, आणि पिकाचा निर्णय त्यांच्यावर सोडावा. पीक बुडाले तरी रागावू नये. दुसरी, आपल्यापैकी जे शेती, बँक, प्रयोगशाळा, दवाखाना यांत काम करतात किंवा निवृत्त झाले आहेत, त्यांनी महिन्यातून एक दिवस वसतिगृहात यावे. माती कशी तपासावी, खातेवही कशी लिहावी, हे मुलांना शिकवावे. तिसरी, शहरातील तरुण संघ आणि पाड्यावरची मुले यांनी वर्षभर एकाच प्रश्नावर जोडीने काम करावे. दोघांनी आपापल्या ठिकाणचा पाऊस मोजावा, वसतिगृहात आणि घरात वाया जाणारे अन्न वजन करावे, आणि सुगीच्या सणाला दोघांच्या वह्या मंडळीपुढे शेजारी शेजारी ठेवाव्यात. शहरातल्या मुलाने पाड्याची बाजू मांडावी, पाड्यावरच्या मुलाने शहराची. पाणी कोण किती वापरतो आणि टँकरची वाट कोण पाहतो, हे त्या दिवशी आकड्यांत दिसेल, आणि मोठ्यांनाही ते पाहावे लागेल.

ज्यांना जागा किंवा वेळ देता येईल त्यांनी आज जाण्यापूर्वी बाहेरच्या टेबलावर नाव नोंदवावे. पहिल्या पावसाआधी वाफे तयार व्हायला हवेत.