शिडाच्या बोटीची गिअर केबल

क्वेकर्स हिलमध्ये बसून बोटीवर काय बोलायचं, असं वाटलं असेल काहींना. इथून समुद्र दिसत नाही, आणि स्टेशनला भरती-ओहोटी नसते. पण आपल्यातली बरीच मंडळी आता शनिवार-रविवारी पिटवॉटरला किंवा हॉक्सबरीच्या मुखाशी ब्रुकलिनला जातात. दोघाचौघांनी मिळून जुनी शिडाची बोट घेतल्याचंही कानावर येतं. आमचीही तशीच, चौघांत एक. म्हणून आज विषय घेतलाय त्या बोटींमधल्या एका साध्या वस्तूचा, जी वीस-वीस वर्षं कुणी बघत नाही: इंजिनाच्या कंट्रोल केबल्स.

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. वाऱ्यावर जग फिरता येतं, ते आपल्या दिलीप दोंदे यांनी दाखवलं. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून 'म्हादेई' घेऊन एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन करून मे २०१० मध्ये परतले. बोट छप्पन्न फुटी, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. पण खुला समुद्र वेगळा आणि शंभर बोटींच्या गर्दीत आपल्या जागेवर शिरणं वेगळं. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर इंजिन रिव्हर्समध्ये टाकायचं, हाच ब्रेक. आणि तो ब्रेक तुमच्या हातातल्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत पोचतो तो एका केबलमधून.

ज्यांनी बजाज चेतक चालवली आहे त्यांना हे चटकन कळेल. चेतकचे गिअर डाव्या मुठीवर होते आणि मुठीतून खाली दोन गिअर केबल्स जायच्या. दोन का? कारण ती तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. वरच्या गिअरला एक, खालच्या गिअरला दुसरी. बोटीची केबल मात्र ओढतेही आणि ढकलतेही. आतली तार जाड, कडक, आणि बाहेरच्या नळीत घट्ट बसलेली. त्यामुळे एकाच केबलवर पुढे, न्यूट्रल आणि मागे, तिन्ही होतं. दुसरी केबल थ्रॉटलची. जिथे एकच दांडा असतो, तिथे पहिल्या टप्प्यात गिअर पडतो आणि पुढे ढकलत गेलं की वेग वाढतो.

ही केबल एका दिवसात मरत नाही. कॉकपिटकडच्या टोकातून खारं पाणी आत शिरतं, तार गंजते, गंज फुगतो. इंजिनाच्या बाजूला एक्झॉस्टच्या उष्णतेने बाहेरचं प्लास्टिक तडकतं. दांडा थोडा जड लागायला लागतो. आपण म्हणतो, जुनी बोट आहे, चालायचंच. मला हे 'चालायचंच' अजिबात पटत नाही. जड झालेला दांडा म्हणजे केबलने पाठवलेली नोटीस आहे. शेवटी ती तुटते तेव्हा जोर लावलेला असतो, आणि जोर आपण कधी लावतो? शेजारच्याची महागडी बोट चार हातांवर आली की.

मात्र दोष केबलचाच आहे का, हे आधी बघा. इंजिन बंद, किल्ली खिशात, बॅटरीचा स्विच बंद. इंजिनाकडचं टोक पिन काढून सोडवा. आता गिअरबॉक्सवरचा छोटा आर्म हाताने हलवा. तो सहज हलला आणि वरचा दांडा अजूनही जड असेल, तर दोष केबलमध्ये किंवा दांड्याच्या डब्यात. वरचंही टोक सोडवून केबल एकटी हलवून पाहिली की उरलेलं उत्तर मिळतं. तेल सोडून बघू, असं कुणीतरी म्हणणारच. या केबल्स सहसा कारखान्यातूनच वंगण भरून बंद केलेल्या असतात. आत गंज धरल्यावर तेलाने दोन दिवस बरं वाटतं, एवढंच.

बदलायची तर दोन्ही बदला. दोघी एकाच वयाच्या, एकाच खाऱ्या पाण्यात मुरलेल्या. आणि अवघड भाग केबलचा नसतोच, तिथपर्यंत हात पोचवण्याचा असतो. दोनदा कोपरं सोलून घेण्यापेक्षा एकदा पुरे.

काही सोडवण्याआधी दोन्ही टोकांचे फोटो काढा. कोणती केबल कोणत्या भोकात होती हे संध्याकाळी आठवत नाही. गिअरला लाल टेप, थ्रॉटलला निळी. लांबी जुन्या केबलवर छापलेली असते, बहुधा फुटांत. पुसली गेली असेल तर ती बाहेर काढून टोकापासून टोकापर्यंत मोजा. जुनी ओढून काढताना तिच्या शेपटीला मजबूत सुतळी बांधा, वर टेप गुंडाळा. पायजम्यात नाडी घालतो तसंच: सुतळी आत राहिली की नवी केबल तिच्यामागून येते. सुतळी न बांधता जुनी ओढून काढली, तर मग अर्धी बोट उघडायची तयारी ठेवा.

नवी केबल वळवताना घाई नको. सर्वसाधारण मापाच्या केबलला वळणाची त्रिज्या निदान आठ इंच, म्हणजे वीस सेंटिमीटर लागते. त्याहून घट्ट वळवली तर नवी केबलही पहिल्या दिवसापासून जड. जागोजागी पट्टे मारा, पण आवळू नका, आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा.

आता जुळवणी, आणि इथे खरा वेळ द्यायचा. वरचा दांडा न्यूट्रलला, गिअरबॉक्सचा आर्म न्यूट्रलला. टोकाचा तुकडा आट्यांवर फिरवत लांबी अशी आणा की पिन आपोआप आत पडेल. पिनला ठोकावं लागलं तर लांबी चुकली आहे. मग पुढे आणि मागे, दोन्हीकडे आर्म पूर्ण शेवटपर्यंत जातो ना, ते डोळ्यांनी पाहा. अर्धवट गेला तर बोट चालते, कळत काहीच नाही, आणि आत क्लच घसरून जळत राहतो. गिअरबॉक्सचं बिल केबलच्या कितीतरी पट असतं. थ्रॉटलचा आर्म दांडा मागे घेतल्यावर आयडलच्या स्क्रूला टेकला पाहिजे. लॉकनट घट्ट, स्प्लिट पिन नवीन. मग सगळे दोर बांधलेले असतानाच इंजिन सुरू करा, कमी वेगावर पुढे, न्यूट्रल, मागे. एक जण दांड्यावर, दुसरा आत टॉर्च घेऊन. पण फिरत्या पट्ट्यापासून हात, ओढणी, बाही लांब.

आणि पाण्यात असतानाच तुटली तर? गेटवेच्या लाँचमध्ये बसला आहात ना? सुकाणूवरचा सारंग दोरी ओढून घंटी वाजवतो, आणि खाली इंजिनापाशी बसलेला माणूस त्या इशाऱ्यावर गिअर टाकतो. तुमची केबल म्हणजे तोच खालचा माणूस. ती गेली की माणूस परत आणायचा. एक जण सुकाणूवर, एक जण आत, वेग आयडलला आणून गिअरचा आर्म हाताने. शब्द आधी ठरवा, 'पुढे', 'मधे', 'मागे'. 'थांब' म्हणू नका, त्याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा घेतो. गिअर पुढेच अडकला तर इंजिन बंद करा. जुन्या डिझेल इंजिनाला किल्ली फिरवून थांबवता येत नाही, वेगळी स्टॉपची मूठ ओढावी लागते. ती कुठे आहे हे बोटीवरच्या प्रत्येकाला, आलेल्या पाहुण्यालासुद्धा, निघण्याआधी दाखवा. त्या मुठीलाही केबलच असते, बदलताना तिच्याकडेही बघा. नांगर मोकळा ठेवा. जागेवर शिरायचा हट्ट सोडून बाहेर मोकळ्या पाण्यात थांबा आणि व्हीएचएफवर मरीन रेस्क्यूला कळवा. धोका असेल तर चॅनल १६.

मोठ्या बोटीही यातून सुटत नाहीत. सहा महिला नौदल अधिकाऱ्यांची 'तारिणी', तीही दांडेकरांच्याच यार्डातली, वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली जग फिरून येत होती. एप्रिल २०१८ मध्ये, घर जवळ आलेलं असताना, सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि त्यांना मॉरिशसला पोर्ट लुईसमध्ये शिरावं लागलं. ती केबल इंजिनाची नव्हे, बिघाड वेगळा. पण त्यांनी पुढचं रेटलं नाही, बंदर गाठलं, दुरुस्ती केली आणि २१ मे रोजी गोव्यात पोचल्या.

आपल्याकडे हे काम जून-जुलैत करा. थंडीत बोटी तशाही उभ्या असतात, आणि सप्टेंबर उजाडला की मेकॅनिक फोन उचलत नाही. पुढच्या भागात बोटीतल्या बॅटरीबद्दल बोलू. नमस्कार.