पारोळ्याची पेठ आणि बारा चित्रांचा रोल
(भाषणाचा सारांश)



पारोळ्याचा भुईकोट किल्ला जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली बांधला, ही नोंद इतिहासात आहे. परंतु चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या गावच्या पेठेत दुकानांच्या पाट्या कशा होत्या, कापसाच्या गाड्या कोठे सुटत, बालाजीच्या रथाला लोक कोणत्या ओट्यांवर दाटी करीत, हे कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही. ते असलेच तर जुन्या फोटो स्टुडिओच्या कपाटात, कृष्णधवल निगेटिव्हांच्या रूपाने असेल.

या निगेटिव्ह बहुधा १२० क्रमांकाच्या रोलवरील असतात. कोडॅक कंपनीने १९०१ साली आणलेला हा रोल आजही मिळतो. आपल्याकडे बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा अनेक घरांत पोचला. धंदेवाईक छायाचित्रकाराजवळ दोन भिंगांचा याशिका असे, कोणा भाग्यवंताजवळ जर्मन रोलीफ्लेक्स. उटकमंडच्या सरकारी कारखान्यातून ‘इंदू’ फिल्म येऊ लागल्यावर परदेशी मालावरील भिस्तही थोडी कमी झाली.

दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरावा लागतो. छायाचित्रकार मान खाली घालून काचेवरील चित्र पाहतो आणि ते चित्र डावे-उजवे उलटे दिसते. समोरून येणारी गाडी काचेवर भलत्याच बाजूस सरकते, त्यामुळे नवशिक्याची त्रेधा उडते. मात्र डोळ्याला कॅमेरा लावून कोणी रोखून पाहत नसल्याने रस्त्यावरील माणूस संकोचत नाही, आणि भाजीवाली घासाघीस चालूच ठेवते. चौरस चित्रे बाराच. निगेटिव्ह लहान पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या साडेतीन पटींहून मोठी असल्याने मोठ्या प्रतीत पाटीवरील अक्षरेही वाचता येतात. गावाच्या नोंदीच्या दृष्टीने तिचे खरे मोल यातच आहे.

खानदेशातील ऊन मात्र या कामाची परीक्षा पाहते. वैशाखातील दुपारी पागोट्याखालचा चेहरा काळा पडतो आणि चुन्याची भिंत कोरी पांढरी येते. म्हणून जाणकार सकाळची तिरपी उन्हे साधतात, किंवा छपराच्या सावलीतील माणसाप्रमाणे प्रकाशाचा हिशेब करतात.

याच जिल्ह्यात चाळीसगावी केकी मूस (१९१२–१९८९) यांनी घराच्या चार भिंतींत राहून टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून अप्रतिम छायाचित्रे निर्मिली. त्यांच्या घरातच त्यांचे कलादालन झाले. जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी मुंबईचे दैनंदिन जीवन टिपले, आणि त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानात सुरक्षित आहे. तालुक्याच्या गावी पासपोर्ट फोटोंवर संसार चालविणाऱ्या आणि मधल्या वेळी पेठेत हिंडणाऱ्या छायाचित्रकाराचे काम कोठे ठेवावयाचे? स्टुडिओ बंद पडला की पेट्या माळ्यावर जातात. कित्येक निगेटिव्ह तर त्यांतील चांदीसाठी भंगारात गेल्या.

माळ्यावरील उष्ण, दमट हवेत फिल्मला व्हिनेगारसारखा आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते. असा वास येणाऱ्या निगेटिव्ह प्रथम वेगळ्या काढाव्यात. उरलेल्या कडेला धरून, एकेक पट्टी साध्या कागदी पाकिटात घालून, कोरड्या व थंड खोलीत ठेवाव्यात. प्लॅस्टिकची जुनी पिशवी टाळावी. उजळ पडद्यावर ठेवून मोबाइलने काढलेली प्रतही ओळख पटविण्यास पुरते. ती घेऊन पेठेतील वडीलधाऱ्यांकडे जावे आणि ते सांगतील ते दुकान, गल्ली व साल पाकिटावर, निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी, पेन्सिलीने लिहावे.