माचनूरचा रेडिओ आणि दहा वर्षांची वाट



मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्या धंद्यात समजूत अशी, की यंत्र तयार झालं म्हणजे काम झालं. ही समजूत खोटी ठरवणारी जागा आपल्यापासून फार लांब नाही. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलात की उमरग्यानंतर कर्नाटकाचा एक तुकडा लागतो आणि मग तेलंगणातलं जहीराबाद. त्याच्याजवळ माचनूर नावाचं गाव आहे. तिथे ९०.४ एफएमवर ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. चालवणाऱ्या दलित शेतकरी बायका.

डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने त्या भागात गावोगाव बायकांचे गट, म्हणजे संघम, उभे केले होते. कोरडवाहू जमीन, ज्वारी, बाजरी, राळा, तूर अशी पिकं. या बायकांचं म्हणणं सरळ होतं: रेडिओवर सांगतात ती शेती आमची नाही, आणि बोलतात ती तेलुगूही आमची नाही. युनेस्कोच्या मदतीने १९९८ मध्ये केंद्र उभं राहिलं. स्टुडिओ होता, रेकॉर्डिंग शिकलेल्या बायका होत्या. नव्हता तो परवाना.

खरं तर कायद्याचा प्रश्न तेव्हा सुटल्यासारखा होता. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वाद सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, पण निकाल सगळ्यांच्या कामाचा! तो देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये आपले मराठी न्या. पी. बी. सावंत होते. पुढे काय झालं? आधी एफएम कंपन्यांसाठी खुलं झालं. २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खासगी केंद्र वाजू लागलं. मग २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, आणि चेन्नईचं अण्णा एफएम २००४ मध्ये सुरू झालं. गावच्या संस्थांचा नंबर नोव्हेंबर २००६ च्या धोरणात लागला. जी मालमत्ता सगळ्यांची, तिच्या रांगेत शेवटी कोण उभं राहतं, ते या क्रमावरून दिसतं.

या दहा वर्षांत बायका हात बांधून बसल्या नाहीत, हा मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. त्या कार्यक्रम करत राहिल्या. बियाणं, झाडपाल्याची औषधं, सणाची गाणी, सगळं कॅसेटवर. त्या कॅसेट संघमच्या बैठकांत वाजवायच्या, ऐकून झाल्यावर बाया त्यावर बोलायच्या. परवाना आला तेव्हा कार्यक्रमांचा साठा तयार होता आणि ऐकणारेही. १५ ऑक्टोबर २००८ रोजी, आंतरराष्ट्रीय ग्रामीण महिला दिनी, केंद्र सुरू झालं. उद्घाटनाला न्या. सावंत स्वतः आले होते. माइकपुढे दोघी, दोघींचं नाव नरसम्मा. म्हणून एक ‘जनरल’ नरसम्मा आणि दुसरी अलगोल नरसम्मा.

बोली मात्र त्यांनी बदलली नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. आमच्या घरी दख्खनी बोलतात, आणि ‘हौ’, ‘नक्को’ हे शब्द सिनेमात आले की लोक हसतात. कॉलेजात आपण उर्दूवाल्यांसमोर ती लपवतो आणि मराठीवाल्यांसमोरही. आजीची दख्खनी, कोकणातल्या मावशीची कोकणी विनोदासाठी नाही, तर पाणी, दवाखाना, शिष्यवृत्ती यांबद्दल बोलण्यासाठी वापरलेली तुम्ही रेडिओवर कधी ऐकलीत?

“आता यूट्यूब आहे की,” असं कोणीतरी म्हणणारच. आहे. पण तिथे कोणापर्यंत पोचायचं ते दुसऱ्याचं गणित ठरवतं. शंभर वॉटचा ट्रान्समीटर आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये सगळ्यांना सारखाच ऐकू जातो, डेटा न खाता. अडचणीही आहेत. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आणि हे बंधन मला अजिबात पटत नाही. जाहिराती मोजक्या, वीजबिल दर महिन्याला.

अर्ज करायला संस्था नोंदणी होऊन किमान तीन वर्षं काम करत असावी लागते. आपल्यापैकी कोणाकोणाची अशी संस्था आहे, ते चहाच्या वेळी मला सांगा. रेकॉर्डिंगला तर तेवढंही लागत नाही. फोन आजीसमोर धरला तरी सुरुवात होते.