पेल्यातले शब्द



वैशाखातल्या दुपारी उन्हातून पाहुणा आला, म्हणजे आपण आधी गूळपाणी पुढे करतो आणि मग विचारतो, “काय घेणार?” प्रश्न साधाच आहे. पण उत्तर कोणत्या शब्दात येते, त्यावरून पाहुणा कुठल्या मुलखाचा ते पुष्कळदा ओळखता येते. आज मी या पेयांच्या नावांविषयीच थोडे बोलणार आहे. आणि शेवटी माझी स्वतःची एक चूकही सांगणार आहे, विशेषतः शिक्षक मंडळींसाठी.

ताकापासून सुरुवात करू. संस्कृतातले ‘तक्र’ ते आपले ताक. मग मठ्ठा कोणता? पुणे-साताऱ्याकडे लग्नाच्या पंगतीत जिलबीबरोबर येतो तो मठ्ठा. आले, मिरची, कोथिंबीर लावलेला. घरातल्या रोजच्या ताकाला तिथे कोणी मठ्ठा म्हणत नाही. हिंदी मुलखात मात्र साध्या ताकालाच ‘मट्ठा’ म्हणतात. आणि सुरतेला जाऊन ‘मठो’ मागाल, तर पेला येणार नाही, वाटी-चमचा येईल! तिथला मठो म्हणजे आपल्या श्रीखंडासारखा घट्ट, गोड पदार्थ.

पन्ह्याचेही तसेच. मूळ शब्द ‘पानक’, म्हणजे पिण्याचा पदार्थ. आपल्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे हवेच. कर्नाटकात रामनवमीला ‘पानक’ वाटतात, पण त्यात गूळ, सुंठ आणि वेलची असते, कैरी नसते. आणि सरबत? ते अरबीतून फारशीच्या वाटेने आपल्याकडे आले. त्याचे मूळ ‘पिणे’ या अर्थाच्या धातूत आहे. गंमत अशी, की ‘शराब’ हा शब्दही त्याच धातूचा! एक भाऊ पाहुण्यांपुढे मिरवायचा, दुसरा लपवून ठेवायचा, पण घराणे एकच.

आता बाजारातल्या बाटलीकडे वळू. जत्रेत तुम्ही गोटी सोडा प्यायला असाल. हायरम कॉड नावाच्या इंग्रज कारागिराने 1872 साली या बाटलीचे पेटंट घेतले. आतल्या वायूच्या दाबाने काचेची गोटी तोंडाशी, रबरी कड्याला घट्ट बसते. अंगठ्याने ती खाली दाबली, की फस्सकन बाटली उघडते. लोकांनी नाव दिले ते या गोटीवरून. आपण म्हणतो गोटी सोडा, तमिळ मुलखात म्हणतात गोली सोडा. दिल्लीकडे नुसतेच ‘बंटा’ म्हणतात, कारण पंजाबीत गोटीला बंटा म्हणतात. इंग्रजांनी आवाजावरून नाव ठेवले ‘पॉप’, बूच उडताना होतो तो आवाज! पुढे अमेरिकेत तर याचे नकाशे काढण्याइतके भेद झाले. तिथे एका भागात पॉप म्हणतात, दुसऱ्या भागात सोडा. दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र कोणत्याही गोड, फसफसत्या पेयाला पुष्कळ लोक सरसकट ‘कोक’ म्हणतात. कारण कोकाकोला तिथलाच, 1886 साली अटलांटा शहरात जन्मलेला.

यांतले बरोबर नाव कोणते? मी विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारतो, तेव्हा ते माझ्याकडे पाहतात. सर सांगतील ते बरोबर, असे त्यांना वाटते. आता माझी चूक ऐका.

मी देशावरचा. आमच्या घरी आमटीत घालायचे ते आमसूल, आणि हॉटेलात लाल, गोड मिळते ते कोकम. एवढ्या दोन शब्दांवर आमचे भागत असे. मी नुकताच अध्यापक झालो होतो, तेव्हा सावंतवाडीकडच्या एका विद्यार्थ्याने गावच्या उन्हाळ्यावर निबंध लिहिला. त्यात होते, की आईने भिरंडे फोडली आणि वर्षाचे आगळ घातले. मी ‘भिरंडे’ खोडून ‘रातांबे’ केले, ‘आगळ’खाली लाल रेघ मारली, समासात ‘कोकम सरबत’ असे लिहिले, आणि अशुद्ध शब्दांबद्दल गुण कापले. तो काही बोलला नाही.

मे महिन्याची सुटी संपवून तो परत आला, तेव्हा माझ्यासाठी एक बाटली घेऊन आला. आत गडद लाल रस. मी सरबत समजून पेल्यात चांगला अर्धा पेला ओतला, थोडे पाणी घातले आणि मोठा घोट घेतला. खारट आणि आंबट! माझे तोंड पाहून तो हळूच म्हणाला, “सर, ह्यात साखर नसते. हे आगळ.”

मग त्याने मला समजावून सांगितले. ताजे फळ ते भिरंड. रत्नागिरीकडे त्यालाच रातांबा म्हणतात. त्याची साल त्याच्याच रसात पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळवली, की झाले सोल, म्हणजे आमचे आमसूल. सालीला मीठ लावून मुरवले आणि सुटलेला रस गाळून घेतला, की ते आगळ; ते वर्षभर टिकते. त्यात नारळाचे दूध घातले की सोलकढी, दूध न घालता केली तर फुटी कढी. साखरेत मुरवला तरच तो तुमचा गोड कोकम. बियांच्या तेलालाही वेगळे नाव आहे, भिरंडेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या, की तेच लावतात.

मी एका शब्दात जे गुंडाळत होतो, त्यासाठी त्याच्या आईजवळ पाच-सहा शब्द होते, आणि प्रत्येक शब्दामागे तिच्या हातचे एक वेगळे काम होते. ‘आगळ’ खोडून मी भाषा शुद्ध केली नव्हती. मीठ आणि साखर यांतला फरकच पुसला होता.

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, तिच्यावाचून मुलाचे पुढे चालणार नाही. पण घरचा शब्द वहीत आला, तर खोडण्याआधी एकदा विचारा, “बाळ, हे कशाला म्हणतात? कसे करतात?” जमल्यास एक दिवस फळ्यावर मुलांच्या घरच्या पेयांची नावे लिहून काढा. नावापुढे कृती लिहा, गाव लिहा. आणि घरी ऐकणाऱ्या मंडळींनो, तुम्हीही शहरातल्या पाहुण्यापुढे आपला शब्द बदलू नका. त्याला कळला नाही तर समजावून सांगा, तो शिकेल. मी शिकलो.

ती बाटली आम्हांला वर्षभर पुरली. त्याचे कापलेले गुण मात्र मला परत देता आले नाहीत. निकाल केव्हाच लागून गेला होता.