चीनमधील गोल्फ मैदाने आणि जमिनीचा प्रश्न

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शांघाय शहराच्या पश्चिमेस एक मोठे प्राणिसंग्रहालय आहे. क्रांतीपूर्वी ही जागा गोल्फ क्लबची होती. शांघायच्या बंदरावर आणि बाजारपेठेवर ज्यांची हुकमत चालत असे, त्या परदेशी व्यापाऱ्यांच्या करमणुकीसाठी ती राखून ठेवलेली होती. १९५४ साली ती सार्वजनिक उद्यान म्हणून खुली करण्यात आली आणि पुढे तेथे प्राणिसंग्रहालय उभे राहिले. हिरवळ तीच राहिली, तिच्यावर पाऊल ठेवणारे लोक बदलले. त्यानंतर तीस वर्षे चीनच्या मुख्य भूमीवर गोल्फला थारा नव्हता.

१९८४ साली हे चित्र पालटले. क्वांगतुंग प्रांतातील चुंगशान येथे, म्हणजे डॉ. सन यत्-सेन यांच्या जन्मभूमीत, जनता प्रजासत्ताकातील पहिले गोल्फ मैदान सुरू झाले. त्याची आखणी आर्नल्ड पामर या प्रसिद्ध अमेरिकन खेळाडूने केली होती. दारे उघडण्याच्या धोरणाचा तो आरंभकाळ होता. हाँगकाँगहून येणाऱ्या भांडवलदारांना आणि परदेशी व्यवस्थापकांना आकर्षित करण्यासाठी हॉटेले हवीत, तशीच अशी एकदोन मैदानेही हवीत, असा विचार त्यामागे होता. त्या विचाराशी मतभेद असू शकतात. पण एकदोन मैदानांनी चीनची शेती बुडाली असती, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न पुढे निर्माण झाला.

अठरा होलच्या एका मैदानाला साधारणपणे पन्नास ते सत्तर हेक्टर जमीन लागते. भोवती बंगल्यांची वसाहत उभारायची झाल्यास आणखी लागते, आणि ती बहुधा उभारली जातेच. चीनमध्ये जगातील सुमारे एकषष्ठांश माणसे राहतात, आणि जगातील लागवडीयोग्य जमिनीचा दहावा हिस्साही तिच्या वाट्याला आलेला नाही. म्हणूनच १८० कोटी मू, म्हणजे १२ कोटी हेक्टर, ही लागवडीखालील जमिनीची किमान मर्यादा सरकारने ठरवली. तिला तेथे ‘लाल रेषा’ म्हणतात. जानेवारी २००४ मध्ये राज्य परिषदेने, म्हणजे तेथील केंद्रीय मंत्रिमंडळाने, नव्या गोल्फ मैदानांचे बांधकाम थांबविण्याचा आदेश काढला. २००६ साली जमीन मंत्रालयाने ज्या प्रकल्पांना जमीन देऊ नये त्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत गोल्फ मैदाने, बंगल्यांच्या वसाहती आणि घोड्यांच्या शर्यतीची मैदाने एकाच रांगेत बसविलेली होती.

आदेश निघाला तेव्हा देशात दोनशेहून कमी मैदाने होती. दहा वर्षांनंतर ती सहाशेच्या वर गेली. बंदीच्या काळात मैदाने तिपटीने वाढली, या एका गोष्टीचे उत्तर शोधले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

भांडवली वृत्तपत्रांनी याचे उत्तर सोपे करून टाकले: नोकरशाही भ्रष्ट आहे, श्रीमंतांना खेळायचे आहे, म्हणून आदेश कागदावर राहिला. भ्रष्टाचार होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण भ्रष्ट अधिकारी एखादे मैदान उभे करू शकेल. चारशे मैदाने उभी राहण्यासाठी आर्थिक पाया लागतो. तो पाया १९९४ च्या करविभागणीत सापडतो. त्या सुधारणेने करांचा मोठा हिस्सा मध्यवर्ती सरकारकडे गेला. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणीपुरवठा यांचा खर्च मात्र जिल्ह्यांवर आणि नगरांवर राहिला. ही तूट भरून काढण्याचे एकच मोठे साधन स्थानिक सरकारांच्या हाती होते, ते म्हणजे जमीन. चीनच्या राज्यघटनेनुसार शहरातील जमीन राज्याच्या मालकीची आणि खेड्यातील जमीन गावाच्या सामूहिक मालकीची असते. गावाला ती बाजारात विकण्याची मुभा नव्हती. ती स्थानिक सरकारने आधी संपादित करावी आणि मग वापराचा हक्क लिलावाने बांधकाम कंपनीला द्यावा, असा मार्ग होता.

शेतकऱ्याला मिळणारा मोबदला कसा ठरत असे, ते नीट पाहण्यासारखे आहे. १९९८ च्या सुधारित भूव्यवस्थापन कायद्यानुसार मोबदल्याचा आधार होता त्या शेताचे मागील तीन वर्षांचे सरासरी वार्षिक उत्पन्न. जमिनीसाठी त्याच्या सहा ते दहा पट, पुनर्वसनासाठी वेगळी रक्कम, आणि सारे मिळून तीस पटींची कमाल मर्यादा. म्हणजे जमिनीचे मोल ठरले भाताच्या किंवा मक्याच्या हिशेबाने, आणि तीच जमीन पुढे विकली गेली बंगल्यांच्या भावाने. मधला सारा फरक जिल्ह्याच्या तिजोरीत आणि बांधकाम कंपनीच्या खात्यात जमा झाला. गोल्फ मैदान स्वतः फारसे कमवत नसे. ते बंगल्यांची किंमत चढविण्याचे साधन होते. खिडकीतून हिरवळ दिसते, म्हणून घर महाग. तेव्हा बंदी अमलात आणायची कोणी, तर ज्यांचा अर्थसंकल्प त्याच व्यवहारावर उभा होता त्यांनी! मध्यवर्ती सरकारच्या आदेशामागे चांगला हेतू असूनही तो लंगडा पडला, याचे मूळ येथे आहे.

कायद्याला वळसा घालण्याच्या रीती साध्याच होत्या. पस्तीस हेक्टरांहून अधिक लागवडीची जमीन संपादित करण्यास राज्य परिषदेची मंजुरी लागत असे. मग मोठ्या क्षेत्राचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा त्या मर्यादेच्या आत बसविण्यात येई. दुसरी रीत नावाची. अर्जात ‘गोल्फ’ हा शब्दच येत नसे. ‘परिसर-उद्यान’, ‘क्रीडा-प्रशिक्षण केंद्र’, ‘विश्रांती-ग्राम’ अशी मंजुरी घ्यावयाची आणि खड्डे व झेंडे नंतर रोवायचे. उपग्रहाच्या छायाचित्रांत मैदान स्पष्ट दिसे, पण सरकारी नोंदीत तेथे उद्यान असे.

येथे हसण्यापूर्वी भारताकडेही एक दृष्टी टाकावी. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या संरक्षण-भूमीविषयक २०१०-११ च्या अहवालात असे नमूद आहे की, खऱ्याखुऱ्या लष्करी गरजेसाठी राखलेल्या जमिनीपैकी ८,०७६ एकरांवर ९७ गोल्फ मैदाने चालविली जात होती. त्यांना दिलेले नाव होते ‘लष्करी पर्यावरण उद्यान व प्रशिक्षण क्षेत्र’. दोन देशांतील व्यवस्था वेगळ्या, अधिकारी वेगळे, भाषा वेगळ्या. पण जमिनीचा वापर झाकावयाचा झाला की दोन्हीकडच्या कारकुनांना ‘उद्यान’ हाच शब्द सुचावा, हे चमत्कारिक खरे.

करांच्या मार्गाचाही अवलंब झाला. एप्रिल २००६ पासून गोल्फचे चेंडू व साहित्य यांवर १० टक्के उपभोग-कर बसला. त्याच फेऱ्यात लाकडाच्या, एकदा वापरून टाकून देण्याच्या जेवणकाड्यांवर ५ टक्के कर आला. चैनीला आळा आणि जंगलाचे रक्षण असा दुहेरी हेतू सांगण्यात आला. बंगल्यासाठी लक्षावधी युआन मोजणारा माणूस चेंडूवरील दहा टक्क्यांनी मागे फिरत नाही, हे सांगावयास नकोच. आणि मध्यवर्ती धोरणही एकसूत्री नव्हते. हायनान बेटाला आंतरराष्ट्रीय पर्यटनाचे केंद्र बनविण्याचे धोरण २०१० च्या आरंभी जाहीर झाले, आणि त्याच वर्षी तेथे हायखौजवळ जुन्या ज्वालामुखीच्या खडकाळ पठारावर एक प्रचंड गोल्फ संकुल सुरू झाले. शेतजमीन वापरली नाही, असे त्याचे समर्थन करता येईल. पण देशात बंदी आणि बेटावर प्रोत्साहन, यातून प्रत्येक जिल्ह्याने आपल्या सोयीचा अर्थ काढला.

खरी कारवाई सुरू झाली ती २०१४-१५ च्या सुमारास. मार्च २०१५ मध्ये ६६ बेकायदा मैदाने बंद केल्याचे जाहीर झाले. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय विकास व सुधारणा आयोगाने संपूर्ण तपासणीचा निकाल सांगितला: ६८३ मैदानांपैकी १११ बंद करण्यात आली, काहींची कामे थांबली वा रद्द झाली, आणि ४९६ मैदानांना दोष दुरुस्त करण्यास सांगण्यात आले. बंद झालेल्यांवरील आरोप होते शेतजमीन बळकावणे, राखीव क्षेत्रात बांधकाम, भूजलाचा बेकायदा उपसा.

या कारवाईची दुसरी बाजू पक्षसभासदांना विशेष विचार करावयास लावणारी आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाने शिस्तीचे सुधारित नियम जाहीर केले आणि १ जानेवारी २०१६ पासून ते लागू झाले. क्लबांची व गोल्फची सभासदपत्रे नियमबाह्यपणे मिळविणे, बाळगणे वा वापरणे हा त्यांत शिस्तभंग ठरविण्यात आला. सभासदपत्र ही लाच देण्याची मोठी सोयीस्कर वस्तू होती. त्याची किंमत मोठी, ते घरात लपवावे लागत नाही, कोणी विचारले तर ‘व्यायाम करतो’ असे उत्तर देता येते, आणि मंजुरी मागणारा कंपनीचा मालक व मंजुरी देणारा अधिकारी यांना चार तास एकांतात चालावयास मिळते. काही महिन्यांनी शिस्त-तपासणी आयोगाच्या वृत्तपत्राने खुलासा केला की, खेळ म्हणून गोल्फमध्ये बरेवाईट काही नाही. स्वतःच्या पैशाने खेळणे हा गुन्हा नव्हे. हा खुलासा योग्यच होता. त्याच वर्षी रिओच्या ऑलिंपिकमध्ये फंग शानशान या चिनी महिला खेळाडूने गोल्फमध्ये कांस्यपदक मिळविले. दोष काठी-चेंडूत शोधणारी माणसे जमिनीच्या नोंदवहीपर्यंत पोहोचत नाहीत.

मैदान बंद झाले म्हणजे शेत परत आले, असेही समजू नये. गोल्फसाठी जमीन उकरून उंचवटे व तळी केली जातात, वाळूचे थर व निचऱ्याचे नळ घातले जातात, वरची सुपीक माती हलविली जाते. तेथे पुन्हा भाताची खाचरे तयार करणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. बंगले तर उभेच असतात. शिवाय ज्यांनी जमीन गमावली त्यांच्याच घरातील मुली अनेकदा त्या मैदानांवर कॅडी म्हणून बॅगा वाहात असत, आणि हिरवळ कापण्याचे काम गावातील प्रौढ माणसे करीत. आधी शेत गेले. मैदान बंद झाल्यावर मजुरीही गेली. बेकायदा मैदान बंद करू नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण बंद करण्याच्या हुकुमासोबत त्यांच्या कामाची सोय कोण करणार, हा प्रश्न कामगारवर्गाच्या पक्षाने विचारलाच पाहिजे.

मूळ रोगाला हात घालण्याचा प्रयत्न २०१९ च्या कायदेदुरुस्तीत दिसतो. १ जानेवारी २०२० पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने पिकाच्या उत्पन्नावर आधारलेला मोबदला आणि तीस पटींची मर्यादा रद्द केली. त्याऐवजी विभागवार ठरविलेली जमिनीची किंमत आली, आणि शेतकऱ्याच्या घराचा व सामाजिक सुरक्षेचा खर्च वेगळा धरण्यात आला. ठरावीक अटींवर गावाची बांधकामयोग्य सामूहिक जमीन थेट बाजारात आणण्याची वाटही मोकळी झाली. हे पाऊल पुढचे आहे यात शंका नाही. संपादन केवळ ‘सार्वजनिक हितासाठी’ करता येईल असे सांगून त्या हिताची यादीही कायद्यात दिली आहे. संरक्षण, रस्ते, पाणी, शाळा, रुग्णालये, गरिबांची घरे हे सारे तीत आहे. सरकारने हाती घेतलेले क्रीडाविषयक काम आहे. आणि शहराच्या आराखड्यात ठरविलेल्या क्षेत्राचा सलग विकास हाही एक प्रकार आहे. ‘परिसर-उद्यान’ या नावाखाली ज्या जिल्ह्यांनी एकेकाळी मैदाने उभी केली, त्यांना जमीन मिळविताना आता यांपैकी एका शब्दाचा आधार घ्यावा लागेल, आणि तो आधार खरा की खोटा हे ठरविताना जमीन देणाऱ्या गावाचे म्हणणे कितपत ऐकले जाते, ते पाहावयाचे आहे.