रुळांवरचा अट्टहास

१९४२ साली पूर्व आघाडीवरचे जर्मन सैन्य इंजिने आणि वॅगनींसाठी हवालदिल झाले होते. त्याच वर्षी बर्लिनमध्ये तीन मीटर रुंदीच्या रेल्वेमार्गाचे आराखडे तयार होत होते. भारतातला ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटरचा, म्हणजे हिटलरला हवा असलेला मार्ग जवळजवळ दुप्पट रुंद. त्यावरून दुमजली डबे धावणार, प्रवाशांसाठी स्नानगृहे आणि सिनेमागृह असणार आणि पॅरिसपासून युक्रेनपर्यंतचा मुलूख एका साम्राज्यात बांधला जाणार, अशी कल्पना होती. रेल्वेच्या जाणत्या अधिकाऱ्यांना हा हट्ट पटत नव्हता, पण युद्ध संपेपर्यंत नकाशे रंगतच राहिले. प्रत्यक्षात रूळ मात्र एक मीटरही पडला नाही.

रुळांवरच्याच एका प्रचंड तोफेच्या बाबतीत तसे झाले नाही. ती खरोखर बनली.

फ्रान्सची मॅजिनो तटबंदी फोडायला महातोफ हवी, म्हणून एसेनच्या क्रुप कारखान्यात एरिख म्युलर या अभियंत्याने ८० सेंटिमीटर व्यासाच्या तोफेचा आराखडा केला. तिचे वजन सुमारे १३५० टन आणि नळी ३२ मीटरहून लांब. काँक्रीट भेदणारा एकेक गोळा सात टनांचा. पण ती तयार होण्याआधीच, १९४० मध्ये, फ्रान्स पडला होता! मग तिच्यासाठी काम शोधणे आले. ते सापडले क्रिमियात, सेवास्तोपोलच्या वेढ्यात.

‘डोरा’ नावाची ही तोफ सुट्या भागांत आगगाड्यांनी नेली गेली. ती उभी राहायला शेजारी शेजारी दोन लोहमार्ग लागत, जोडणीच्या क्रेनसाठी बाहेरून आणखी दोन. तोफ स्वतः डावी-उजवीकडे वळत नसे, म्हणून मार्गच वक्राकार टाकायचा आणि अख्खी तोफ त्यावर मागेपुढे सरकवून नेम धरायचा. गणित म्हणून ही युक्ती देखणी आहे. पण त्यापायी हजारो माणसे रूळ टाकण्यात आणि पहाऱ्यात गुंतली, आणि जून १९४२ मध्ये तिने डागले पन्नासाहूनही कमी गोळे. सेव्हर्नाया खाडीकाठच्या भूमिगत दारूकोठारावरचा मारा तिचा सर्वांत मोठा पराक्रम म्हणून सांगतात. सेवास्तोपोल पडले ते मात्र पायदळ, विमाने आणि इतर तोफखाना यांच्या जोरावर. डोराने पुन्हा लढाई पाहिली नाही. तिला सरकवणारी डिझेल इंजिने मात्र युद्धानंतर पश्चिम जर्मनीत मालगाड्या ओढू लागली आणि १९७० नंतरही काही काळ कामात होती.

माघारीच्या काळात जर्मनांनी आणखी एक यंत्र वापरले. गाडीमागे जाडजूड पोलादी आकडा लावायचा, तो स्लीपर मधोमध मोडत जाणार. शत्रूला रूळ मिळू नयेत एवढाच हेतू. यंत्र साधे होते आणि त्याचे काम चोख होते.

जर्मन युद्धाचा भार खरे तर ‘बावन्न’ क्रमांकाच्या वर्गातल्या वाफेच्या इंजिनाने वाहिला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मन इंजिनांचे बाहेरून गेलेले नळ गोठून फुटले, तेव्हा अभियंत्यांना जमिनीवर यावे लागले. जुन्या ‘पन्नास’ वर्गातून नसले तरी चालतील असे भाग वगळले, तांब्याच्या जागी पोलाद घातले, चालकाची केबिन थंडीसाठी बंदिस्त केली. एका इंजिनाला लागणारे श्रम आणि धातू दोन्ही वाचले. अशी सहा हजारांहून अधिक इंजिने बनली. त्यांच्या निर्मितीत पकडून आणलेल्या सक्तीच्या मजुरांचा घाम होता, ही गोष्ट कार्यक्षमतेच्या कौतुकात दडपू नये. ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्याही याच साध्यासुध्या रेल्वेच्या होत्या. त्यासाठी कुठल्याही महाकाय यंत्राची गरज पडली नाही.

युद्धानंतर ‘बावन्न’ वर्गाची ही इंजिने पोलंड, सोव्हिएत संघ, तुर्कस्तान अशी विखुरली. बोस्नियातल्या कोळसा खाणींत त्यांतली काही एकविसाव्या शतकातही वॅगनी ओढत होती.